डच प्रांतिक नाणी: ढाल, सिंह आणि मुद्रालेख कसे वाचावेत

सतराव्या-अठराव्या शतकातील डच नाणे हातात आले, की बहुतेकांची नजर प्रथम त्यावरच्या सिंहावर जाते आणि नाण्याची ओळखही तिथेच थांबते. ‘डच नाणे, सिंहाचे चित्र’ एवढ्या वर्णनावर अशी नाणी विकली जातात, संग्रहात पडून राहतात आणि वारसांकडे तशीच पोहोचतात. वास्तविक त्या काळी नेदरलँड्समध्ये सर्व देशासाठी नाणी पाडणारी एकच टांकसाळ नव्हती. प्रत्येक प्रांत आपले नाणे स्वतः पाडत असे. त्यामुळे नाण्यावर दोन प्रकारच्या खुणा असतात: सर्व प्रांतांना सामायिक असणाऱ्या आणि केवळ त्या एका प्रांताच्या. सिंह बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात मोडतो. नाणे कुठले, हे ठरवणाऱ्या खुणा दुसऱ्या प्रकारच्या असतात. या दोन्ही खुणा वेगळ्या काढता येणे, हेच डच प्रांतिक नाणी ओळखण्याचे मर्म आहे.

इतक्या टांकसाळी कशासाठी?

सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर हा सारा प्रदेश स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या ताब्यात होता आणि नाण्यांवर त्याचेच नाव व मुखवटा असे. करांचा बोजा, राजाची केंद्रीकरणाची धोरणे आणि प्रॉटेस्टंट पंथीयांचा छळ यांमुळे उत्तरेकडील प्रांतांनी बंड पुकारले. १५७९ मध्ये उट्रेख्त येथे त्यांनी आपसांत करार केला आणि १५८१ मध्ये फिलिपची सत्ता औपचारिकपणे झुगारून दिली. या करारातून जे प्रजासत्ताक उभे राहिले त्यात हॉलंड, झेलंड, उट्रेख्त, गेल्डरलँड, ओव्हरआयसेल, फ्रीसलँड आणि ग्रोनिंगेन असे सात प्रांत होते. युद्ध आणि परराष्ट्र व्यवहार ‘स्टेट्स जनरल’ ही सामायिक सभा पाही. परंतु नाणी पाडण्याचा अधिकार राजाकडून प्रांतांकडे आला आणि प्रांतांनी तो सोडला नाही. ड्रेन्थे हा प्रदेश प्रजासत्ताकातच होता, पण स्टेट्स जनरलमध्ये त्याला मत नव्हते आणि त्याची टांकसाळही नव्हती. सात हा आकडा आला तो त्यामुळे.

हॉलंडची टांकसाळ डॉर्ड्रेख्तला होती, झेलंडची मिडलबर्गला, गेल्डरलँडची प्रामुख्याने हार्डरवाइकला आणि फ्रीसलँडची लेउवार्डनला. वेस्ट फ्रीसलँड हा हॉलंड प्रांताचाच उत्तरेकडील भाग होता, तरीही त्याने स्वतःची वेगळी टांकसाळ मिळवली. होर्न, एंकहाउझन आणि मेडेम्ब्लिक या तीन शहरांत ती आळीपाळीने चालवली जाई. त्याशिवाय डेव्हेंटर, काम्पेन, झ्वोल, नाइमेखेन आणि झुट्फेन यांसारखी शहरे जुन्या हक्कांच्या आधारे आपली नाणी पाडत होती. छोट्याशा देशात डझनाहून अधिक टांकसाळी चालू होत्या.

या टांकसाळी बहुधा ठेकेदार चालवत. टांकसाळीचा मुख्य जितकी नाणी पाडी, तितका त्याचा नफा वाढे. म्हणून व्यापाऱ्यांची चांदी आपल्याकडे यावी यासाठी टांकसाळींमध्ये चढाओढ लागे आणि या चढाओढीत वजन किंवा कस किंचित उतरवण्याचा मोह होई. पेशवाईतही परवान्यावर टांकसाळी चालत, चांदवडी आणि अंकुशी रुपयांचे भाव वेगवेगळे असत आणि सराफ बट्टा कापून घेत. हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अॅमस्टरडॅमच्या बाजारातील गोंधळ समजायला वेळ लागणार नाही. तिथेही सराफ होते, आणि त्यांच्या हाताशी चलनातील नाण्यांची लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे, वजने व दर असलेली पुस्तके असत. नाणे कुठले आहे हा प्रश्न, म्हणजे, त्या नाण्यांच्या समकालीनांनाही रोज पडत होता. १६०६ मध्ये स्टेट्स जनरलने सर्व प्रांतांसाठी नाण्यांचे प्रकार, वजने आणि कस ठरवून देणारा मोठा हुकूमनामा काढला. तरीही बाजार शिस्तीत येईना, म्हणून १६०९ मध्ये अॅमस्टरडॅम शहराने विनिमय पेढी स्थापन केली. या पेढीत नाणी पारखून जमा होत आणि मोठे व्यवहार खातेवहीतूनच होत.

आधी धातू, आकार आणि वजन

नाणे वाचण्यापूर्वी ते कोणत्या मूल्याचे आहे, याचा अंदाज करावा लागतो. डच हिशोबात आठ डॉइट म्हणजे एक स्टायव्हर आणि वीस स्टायव्हर म्हणजे एक गिल्डर. डॉइट हे तांब्याचे नाणे साधारण २१-२२ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे एका मोठ्या बटणाएवढे असते. एक आणि दोन स्टायव्हरची नाणी चांदीची असली तरी अगदी पातळ व हलकी असतात. एक स्टायव्हर जेमतेम ०.८ ग्रॅमचा आणि दोन स्टायव्हर १.६ ग्रॅमचे भरतात, आणि त्यांत चांदी निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे ५८ टक्क्यांच्या आसपास असते. सहा स्टायव्हरचे नाणे, म्हणजे स्खेलिंग, पाच ग्रॅमला किंचित कमी भरते.

चांदीची मोठी नाणी मात्र परस्परांत सहज मिसळतात आणि तिथे वजनकाट्याची खरी मदत होते. १६०६ च्या मानाचा रायक्सडाल्डर २९ ग्रॅमचा, लेवेनडाल्डर म्हणजे सिंहाचा डाल्डर सुमारे २७.७ ग्रॅमचा, १६५९ मध्ये आलेला चांदीचा डुकाट २८.२५ ग्रॅमचा आणि त्याच वर्षी आलेला घोडेस्वाराचा ‘रायडर’ किंवा डुकाटोन ३२.८ ग्रॅमचा असतो. ही मूळ वजने आहेत. झिजलेले, कड कातरलेले किंवा समुद्रात पडून राहिलेले नाणे त्याहून हलके भरणारच. सोन्याचा डुकाट साडेतीन ग्रॅमचा आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचा असतो. आपल्याकडच्या पुतळीहाराचे मूळ असलेल्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचे वजनही जवळपास तेवढेच आहे, म्हणून केवळ वजनावरून या दोघांची फारकत करता येत नाही. डच डुकाटावर चिलखत घातलेला, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात बाणांची जुडी घेतलेला योद्धा उभा असतो. मागे नक्षीदार चौकटीत पाच ओळींचा लेख असतो. व्हेनिसच्या नाण्यावर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आणि संत मार्क असतात.

बाणांची ही जुडी हीच सामायिक खुणेची उत्तम ओळख आहे. सात बाण म्हणजे सात प्रांत. एका पंजात तलवार आणि दुसऱ्यात बाणांची जुडी घेतलेला, मुकुटधारी, मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह हे साऱ्या प्रजासत्ताकाचे चिन्ह आहे. तो ज्या बाजूला असेल, ती बाजू नाण्याचा प्रांत सांगत नाही. एक स्टायव्हरच्या नाण्यावर नुसतीच बाणांची जुडी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मूल्य दाखवणारा १ आणि रोमन लिपीतील ‘एस’ हे अक्षर असते. झिजल्यावर ही जुडी केरसुणीसारखी दिसते, आणि डच लोकांनी त्या नाण्याला केरसुणीचा स्टायव्हर असेच नाव ठेवले होते.

ढाली

प्रांताची खूण बहुतेक वेळा ढालीवर मिळते. ढाल मोठी असेल, योद्ध्याच्या पायाशी लहानशी असेल किंवा घोड्याच्या पोटाखाली टेकवलेली असेल, तिच्यावरचे चिन्ह पाहणे हे पहिले काम. या चिन्हांत सिंहच सिंह आहेत, त्यामुळे ‘सिंह आहे’ म्हणून भागत नाही, सिंह किती आणि कसे आहेत ते पाहावे लागते.

हॉलंडचा सिंह एकटा आणि पूर्ण असतो, मागच्या पायांवर उभा. झेलंडचा सिंह फक्त कंबरेच्या वरचा दिसतो, खाली लाटा असतात आणि त्यांतून तो वर येत असतो. झेलंड म्हणजे समुद्राशी झगडणाऱ्या बेटांचा प्रांत, आणि ‘लुक्टोर एट एमेर्गो’, म्हणजे ‘झुंजतो आणि वर येतो’, हे त्याचे घोषवाक्य त्या चित्राला अगदी जुळते. झिजलेल्या नाण्यातही खालच्या अर्ध्या भागातील आडव्या नागमोडी रेषा टिकून राहतात. म्हणून झेलंडची ढाल ओळखणे सर्वांत सोपे, असे मी मानतो. ओव्हरआयसेलच्या ढालीवरही सिंह असतो, पण त्याच्या अंगावरून एक नागमोडी पट्टा आडवा गेलेला असतो. हा पट्टा आयसेल नदीचा. गेल्डरलँडची ढाल उभी दुभागलेली असून दोन सिंह एकमेकांकडे तोंड करून उभे असतात. फ्रीसलँडच्या ढालीवर दोन सिंह एकाखाली एक चालताना दाखवलेले असतात. ग्रोनिंगेनची ढाल चार भागांत विभागलेली असते. त्यांपैकी दोन भागांत दुतोंडी गरुड आणि उरलेल्या दोन भागांत तिरके पट्टे व बारीक हृदये असतात. गरुड ग्रोनिंगेन शहराचा आणि हृदये भोवतालच्या ग्रामीण भागाची. हे दोघे एकमेकांशी सतत भांडत असत, तरी ढालीवर एकत्र नांदतात. उट्रेख्त शहराची ढाल सगळ्यांत साधी, एका तिरक्या रेषेने दोन भागांत कापलेली आणि त्यात कोणताही प्राणी नसलेली. अठराव्या शतकातील उट्रेख्तच्या डॉइटवर ती मुकुटाखाली असते आणि दोन्ही बाजूंनी दोन सिंह तिला धरून उभे असतात. इथे नवखा माणूस हमखास फसतो. सिंह पाहून तो हॉलंड म्हणतो, परंतु ते सिंह ढालीच्या बाहेर आहेत. ओळख नेहमी ढालीच्या आत काय आहे त्यावरून करायची.

आणखी एक अडचण वेस्ट फ्रीसलँडची आहे. त्याच्याही ढालीवर दोन चालणारे सिंह असतात, फ्रीसलँडसारखेच. आजूबाजूचा बारीक तपशील वेगळा असला तरी वापरलेल्या नाण्यात तो उरत नाही. अशा वेळी ढाल सोडून मुद्रालेखाकडे वळावे लागते.

मुद्रालेख आणि त्यातील संक्षेप

मुद्रालेख लॅटिन भाषेत आणि अत्यंत संक्षिप्त असतो. तो अक्षर न अक्षर समजण्याची गरज नाही. मोठ्या चांदीच्या नाण्यावर तो बहुधा ‘मो आर्ग प्रो कॉन्फो बेल्ग’ असा सुरू होतो. पूर्ण वाक्य केले तर ‘बेल्गिकाच्या संयुक्त प्रांतांचे चांदीचे नाणे’ असा अर्थ होतो. इथे ‘बेल्ग’ पाहून नाणे बेल्जियमचे ठरवू नये. बेल्जियम हा देश १८३० नंतरचा आहे आणि त्या काळच्या लॅटिनमध्ये बेल्गिका म्हणजे सखल प्रदेशातील सारे प्रांत. दुसऱ्या बाजूला अनेकदा ‘कॉन्कॉर्डिया रेस पार्वे क्रेस्कुन्ट’ असे घोषवाक्य असते, म्हणजे ‘एकोप्याने लहान गोष्टी मोठ्या होतात’. तेही सर्वांचे सामायिक, त्यामुळे ओळखीसाठी निरुपयोगी. कामाचा शब्द असतो तो ‘बेल्ग’ नंतरचा किंवा लेखाच्या अगदी शेवटचा, दोन-चार अक्षरांचा. सोन्याच्या डुकाटावर तो या घोषवाक्यालाच शेवटी जोडलेला सापडतो.

‘होल’ म्हणजे हॉलंड. आपण मराठीत सगळ्या देशाला हॉलंड म्हणतो, पण नाण्यावर या अक्षरांचा अर्थ फक्त तो एक प्रांत. ‘झेल’ म्हणजे झेलंड आणि ‘गेल’ म्हणजे गेल्डरलँड. झीज झाली की रोमन लिपीतील ‘झेड’ आणि ‘जी’ यांत गोंधळ होतो, तेव्हा ढाल पाहून खात्री करावी. ‘वेस्टफ’ म्हणजे वेस्ट फ्रीसलँड आणि नुसते ‘फ्री’ म्हणजे फ्रीसलँड. आधीची अक्षरे पुसली गेली असतील तर दोन्ही सारखीच दिसतात. अशा वेळी ‘फ्री’च्या अलीकडे किती अक्षरांची जागा रिकामी आहे, ते मोजण्याचा उपयोग होतो. ‘ग्रोन एट ओम्ल’ म्हणजे ग्रोनिंगेन व भोवतालचा ग्रामीण भाग.

सर्वांत जास्त चुका होतात त्या ‘ट्रा’ या अक्षरांमुळे. ‘ट्रा’ किंवा ‘ट्राय’ म्हणजे उट्रेख्त, कारण त्याचे लॅटिन नाव ट्रायेक्टुम. ‘ट्रान्स’ किंवा ‘ट्रान्सि’ म्हणजे ओव्हरआयसेल, कारण त्याचे लॅटिन नाव ट्रान्सिसालानिया, आयसेलपलीकडचा प्रदेश. पहिली तीन रोमन अक्षरे दोन्हींत सारखीच, आणि चौथ्या अक्षरावर सारा निर्णय. चौथे अक्षर जिथे अंधुक असेल तिथे पुन्हा ढालीचा आधार घ्यायचा: नागमोडी पट्टा असेल तर ओव्हरआयसेल. वाचताना हेही ध्यानात ठेवावे, की या लेखांत ‘यू’ या अक्षराच्या जागी बहुधा ‘व्ही’ कोरलेला असतो.

काही प्रांतांची घोषवाक्येही स्वतंत्र आहेत आणि नाव पुसले गेले असता ती उपयोगी पडतात. झेलंडचे वर आलेच. ‘विगिलाते देओ कॉन्फिडेन्तेस’, देवावर भरवसा ठेवून जागे राहा, हे हॉलंडचे. शिडे फुगलेल्या जहाजाच्या चित्राचा सहा स्टायव्हरचा स्खेलिंग हॉलंडचा असेल तर त्यावर ते हमखास दिसते. ‘इन देओ एस्ट स्पेस नोस्ट्रा’, आमची आशा देवापाशी, हे गेल्डरलँडचे आणि ‘निसी तू दोमिने नोबिस्कुम फ्रुस्ट्रा’, प्रभो, तू सोबत नसशील तर सारे व्यर्थ, हे फ्रीसलँडचे.

डॉइटवर मात्र एवढे कोडे नसते. एका बाजूला ढाल किंवा कुंपणाने वेढलेली बाग अशी खूण आणि दुसऱ्या बाजूला प्रांताचे नाव दोन-तीन ओळींत मोडून, खाली सन, अशी त्याची सरळ मांडणी असते. रोमन अक्षरे लावता येणाऱ्या कोणालाही ‘होलँडिया’ किंवा ‘झेलँडिया’ जुळवता येईल.

सिंहाचा डाल्डर: नियमाला अपवाद

ढाल पाहून प्रांत ठरवावा, या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो नेमका सर्वांत प्रसिद्ध नाण्याचा आहे. लेवेनडाल्डर प्रथम हॉलंडने १५७५ मध्ये, स्पेनशी युद्ध ऐन भरात असताना पाडला. त्यात चांदी ७५ टक्के, म्हणजे रायक्सडाल्डरपेक्षा बरीच कमी होती. त्यामुळे देशाबाहेरच्या व्यापारात हे नाणे देणे डच व्यापाऱ्यांना परवडे. ते ऑटोमन साम्राज्यात इतके रूढ झाले, की तिथल्या बाजारात सिंहाचे नाणे म्हणूनच ओळखले जाऊ लागले. रोमानियाच्या आजच्या चलनाच्या ‘लेउ’ या नावात तो सिंह अजून आहे.

एक नमुना नजरेसमोर आणू. व्यास जवळपास चाळीस मिलिमीटर, कड ओबडधोबड, पत्रा एका ठिकाणी जाड तर दुसरीकडे पातळ. एका बाजूला खांद्यावरून मागे वळून पाहणारा योद्धा आणि त्याचे कमरेखालचे सारे अंग झाकणारी ढाल. ढालीवर उभा सिंह. दुसरी बाजू पूर्णपणे एका मोठ्या सिंहाने व्यापलेली, भोवती ‘कॉन्फिडेन्स दोमिनो नॉन मोव्हेटुर’, म्हणजे ‘प्रभूवर विश्वास ठेवणारा डळमळत नाही’, असा संक्षिप्त लेख. ढालीवरचा सिंह पाहून नाणे हॉलंडचे आहे असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु मूळ नाणे हॉलंडचे असल्यामुळे आणि परदेशी ग्राहकाला तेच रूप हवे असल्यामुळे उट्रेख्त, गेल्डरलँड, वेस्ट फ्रीसलँड, ओव्हरआयसेल अशा सगळ्यांनी तोच सिंह जसाच्या तसा उचलला. इथे ढाल काहीच सांगत नाही. योद्ध्याच्या बाजूच्या लेखातील ‘बेल्ग’ नंतरची अक्षरे हाच एकमेव भरवशाचा आधार. आणि ही नाणी घाईने, असमान पत्र्यावर पाडली जात असल्यामुळे नेमकी तीच अक्षरे कित्येकदा उठलेली नसतात. तशा वेळी टांकसाळीची बारीक खूण शोधावी लागते. डॉर्ड्रेख्तचे पाकळ्यांचे छोटे फूल, मिडलबर्गचा किल्ल्याचा बुरूज, उट्रेख्तची तिरकी कापलेली इवलीशी ढाल या खुणा लेखाच्या सुरुवातीला किंवा सनाजवळ असतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि बाजूने तिरका पडणारा प्रकाश यांच्याशिवाय त्या दिसणे कठीण आहे.

शहरांची नाणी, आणि एक फसवा ठसा

डेव्हेंटर, काम्पेन आणि झ्वोल ही शहरे स्वतःला जर्मन सम्राटाच्या थेट अधिकारातील मुक्त शहरे मानत. म्हणून त्यांच्या अनेक नाण्यांवर मथियास किंवा फर्डिनांड या सम्राटांची नावे आणि दुतोंडी गरुड आढळतो. अशी नाणी जर्मन समजून वेगळी काढली जातात. शहराचे नाव दुसऱ्या बाजूच्या लेखात असते, ते वाचल्याशिवाय निर्णय करू नये.

यांतील काही शहरांनी, तसेच ग्रोनिंगेन व फ्रीसलँडने आणि शेजारच्या जर्मनीतील एम्डेनने, सतराव्या शतकात २८ स्टायव्हरचे फ्लोरिन मोठ्या प्रमाणात पाडले. त्यांचा कस घसरत गेल्यावर १६९३ मध्ये चलनातील नाणी तपासून जी पुरेशी चांगली भरली त्यांच्यावर प्रांतांनी छोटे शिक्के मारले. त्यामुळे काम्पेनच्या किंवा एम्डेनच्या फ्लोरिनवर ‘होल’ असा लहान चौकटीतील ठसा दिसू शकतो. तो ठसा एवढेच सांगतो, की हॉलंडने हे नाणे पारखून चलनात राहू दिले. नाण्याचे जन्मस्थान मूळ लेखात शोधायचे.

दुसऱ्याच वर्षी, १६९४ मध्ये, सर्व प्रांतांसाठी गिल्डरचे एकच रूप ठरले आणि शंभर वर्षे ते जवळपास तसेच राहिले. बायबलवर कोपर टेकवून उभी असलेली स्त्री, तिच्या हातात भाला आणि भाल्याच्या टोकावर स्वातंत्र्याची टोपी. मागे मुकुटाखाली सामायिक सिंहाची ढाल आणि ढालीच्या दोन्ही अंगांना १ आणि ‘जी’. या नाण्यावर प्रांताची ढाल नसते. लेखाच्या शेवटचा संक्षेप वाचला, की काम झाले.

कंपनीचे डॉइट

भारतात जी जुनी डच नाणी सहज पाहायला मिळतात ती बहुतेक डच ईस्ट इंडिया कंपनीचे तांब्याचे डॉइट असतात. त्यांच्या एका बाजूला मोठा ‘व्ही’, त्याच्या डाव्या भुजेवर ‘ओ’ आणि उजव्या भुजेवर ‘सी’ अशी गुंफलेली अक्षरे व सन असतो. दुसऱ्या बाजूला मुकुटाखाली प्रांताची ढाल. ती कंपनीची नाणी असली तरी ती पाडली प्रांतांच्या टांकसाळींनीच: हॉलंड, वेस्ट फ्रीसलँड, झेलंड, उट्रेख्त आणि गेल्डरलँड.

कंपनीची मुद्रा घालण्यामागे व्यावहारिक कारण होते. नेदरलँड्समध्ये एका स्टायव्हरला आठ डॉइट मिळत, पूर्वेकडील बटाव्हियात (आजचे जकार्ता) मात्र चार डॉइटचा एक स्टायव्हर धरला जाई. म्हणजे मायदेशातून पिशवीभर डॉइट नेले, की त्यांची किंमत दुप्पट होई. खलाशांनी आणि इतरांनी ही संधी सोडली नाही. तो नफा कंपनीकडेच राहावा, यासाठी १७२६ पासून वेगळ्या मुद्रेचे डॉइट नियमित पाडले जाऊ लागले आणि साधे डॉइट पूर्वेत चालेनासे करण्यात आले. १७२८ पासून कंपनीच्या मुद्रेचे चांदीचे रायडरही आले.

या डॉइटवर प्रांताचे नाव बहुधा लिहिलेले नसते, त्यामुळे वर वर्णन केलेल्या ढाली ओळखता येणे इथे अपरिहार्य आहे. लाटांतून वर येणारा सिंह आणि बुरुजाची बारीक खूण असली तर नाणे झेलंडचे, मिडलबर्गला पाडलेले. दोन सिंहांनी धरलेली, तिरकी कापलेली ढाल असली तर उट्रेख्तचे. पूर्ण उभा एकटा सिंह असला तर हॉलंडचे. गेल्डरलँडच्या डॉइटवर ढालीभोवती ‘इन देओ’ने सुरू होणारे घोषवाक्य दिसते. श्रीलंका, नागपट्टिणम किंवा पुलिकत येथे कंपनीने स्थानिक गरजेसाठी जी जाड, ओबडधोबड नाणी पाडली, त्यांवर कंपनीची मुद्रा असली तरी प्रांताची ढाल नसते. ती प्रांतिक नाणी नव्हेत.

कोकणाशीही या इतिहासाचा खरा संबंध आहे. १६३७ च्या सुमारास डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली आणि तिचे भग्न अवशेष आजही गावात उभे आहेत. सुरतेला तर त्यांची वखार त्याआधीच होती. परंतु वेंगुर्ल्याच्या भरभराटीचा काळ सतराव्या शतकातला आणि कंपनीचे डॉइट १७२६ नंतरचे. म्हणून ‘वेंगुर्ल्याच्या डच वखारीतील नाणे’ असे सांगून कोणी कंपनीचा डॉइट दाखवला, तर सन पाहताच त्या दाव्याबद्दल शंका घ्यावी. वखारींच्या काळात जहाजांतून आलेले रायक्सडाल्डर आणि इतर चांदी मोगल टांकसाळीत देऊन तिचे रुपये पाडून घेतले जात. पश्चिम भारतात ती मोठी नाणी क्वचितच आढळतात, कारण ती भट्टीत गेली. डॉइट दक्षिणेत, विशेषतः १६६३ पासून डचांच्या ताब्यात असलेल्या कोचीच्या परिसरात, प्रत्यक्ष व्यवहारात फिरले आणि म्हणून उरले. असाच दावा अमेरिकेतही केला जातो. तिथे हेच डॉइट न्यूयॉर्कची जुनी नाणी म्हणून पर्यटकांना विकली गेली आहेत, जरी डचांनी ते शहर १६६४ मध्येच इंग्रजांच्या स्वाधीन केले होते.

काळ, घडण आणि नकला

सन पुसला गेला असेल तर घडणीवरून काळाचा अंदाज करता येतो. सतराव्या शतकाच्या साधारण तिसऱ्या चरणापर्यंत नाणी हातोड्याने पाडली जात. ती पूर्ण गोल नसतात, ठसा मध्यावरून सरकलेला असतो आणि कडेची अक्षरे बाहेर गेलेली असतात. त्यानंतर स्क्रूच्या दाबयंत्राचा वापर वाढला आणि नाणी गोल, सारख्या जाडीची होऊ लागली. कड कातरून चांदी चोरण्याला आळा बसावा म्हणून अठराव्या शतकाच्या मध्यापासून मोठ्या नाण्यांच्या कडेवर पीळ दिलेल्या दोरासारखी तिरकी नक्षी दिसते.

१७९५ मध्ये फ्रेंच फौजा आल्या आणि जुने प्रजासत्ताक संपले, तरी प्रांतांचे ठसे लगेच बंद झाले नाहीत. १७९९ च्या अखेरीस कंपनी बरखास्त झाली. १८०६-०७ च्या सुमारास एकट्या उट्रेख्तची टांकसाळ उरली आणि १८१६ च्या कायद्याने गिल्डरचे शंभर सेंट झाले. प्रांतिक नाणी पुढे कित्येक वर्षे चलनात राहिली आणि १८४० च्या दशकात ती परत घेण्यात आली. दोन साप गुंडाळलेल्या दंडाची खूण ज्या नाण्यावर असेल, ते या नव्या काळातील राष्ट्रीय टांकसाळीचे. तिथे प्रांत शोधण्याचे कारण नाही.

सोन्याच्या डुकाटाबाबत अधिक सावध राहावे लागते. हे नाणे इतके विश्वासार्ह होते, की रशियाने १७३५ पासून १८६८ पर्यंत सेंट पीटर्सबर्गच्या टांकसाळीत त्याच्या हुबेहूब प्रती पाडल्या. १८३१ च्या उठावात वॉर्सामध्ये पोलिश बंडखोरांनी पाडलेल्या डुकाटावर योद्ध्याजवळ एक चिमुकला गरुड आहे, तेवढाच काय तो फरक. नेदरलँड्समध्येही संग्राहकांसाठी सोन्याचे आणि चांदीचे डुकाट अलीकडच्या काळात पाडले जातात आणि चांदीच्या डुकाटांवर पुन्हा प्रांतांच्या ढाली असतात. आरशासारखी चकाकी आणि विसाव्या किंवा एकविसाव्या शतकाचा सन पाहून ते वेगळे काढता येतात.

बाजारातील खोटी नाणी बहुधा ओतीव असतात. कडेवर जोडाची रेषा, पृष्ठभागावर बारीक छिद्रे, मऊ व गोलसर अक्षरे आणि अपेक्षेपेक्षा दोन-तीन ग्रॅमांनी चुकणारे वजन ही त्यांची लक्षणे. तांब्याऐवजी पितळेचा पिवळेपणा दिसला, तर पुढे पाहण्याची गरजच नाही. खऱ्या नाण्यावरची काळसर साय घासून काढू नये. चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याच्या पावडरीने टांकसाळीच्या त्याच बारीक खुणा प्रथम नाहीशा होतात, ज्यांच्यावर ओळख अवलंबून असते. भारतात शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ती देताना नाणी कुठे, किती खोलीवर आणि कोणत्या इतर वस्तूंसोबत मिळाली याचीही नोंद करावी, कारण कंपनीचे डॉइट शिवराईसोबत सापडले की एकटेच, यावरून ते तिथे चलन म्हणून फिरत होते की नंतर कोणी आणले, हे ठरवता येते.